जनान्याखालचा आवाज

मोटारीखाली शिरणारा माणूस हुशार दिसतो, अशी माझी त्या काळी ठाम समजूत होती. त्यामुळं नांदेडच्या मोटार-अड्ड्यावर मुआयन्याला, म्हणजे मोटारींच्या सरकारी तपासणीला आलेल्या साहेबांनी छडीनं आमच्या मोटारीकडं दाखवून "ये आवाज किसका है?" असं विचारलं, तेव्हा मी तोंडानं उत्तर दिलंच नाही. टोपी काढून खिशात कोंबली, धोतराचा काचा मारला आणि पाना घेऊन सरळ खाली शिरलो. उताणा पडून मागच्या अ‍ॅक्सलवर चार ठोके हाणले आणि खालूनच ओरडलो, "साहेब, लोखंड एकदम खणखणीत आहे! अजून दहा-वीस वर्षं याला काही होत नाही!"

मग एक चढाव घातलेला पाय माझ्या कानाशी येऊन थांबला आणि त्या पायाचा मालक म्हणाला, "तुमच्या तोंडात साखर पडो. पण ही मोटार माझी आहे. तुमची पलीकडं उभी आहे."

लढाईच्या दिवसांत बाजारात रंग मिळायचा तो एकच, मातकट हिरवा. त्यामुळं मराठवाड्यातल्या निम्म्या मोटारी जुळ्या बहिणींसारख्या दिसायच्या. हे कारण मी पुढं पुष्कळ जणांना सांगितलं. त्या वेळी मात्र सांगायला तोंड वर काढावं लागलं असतं, आणि ते काढायची माझी तयारी नव्हती. शेवटी साहेबांनीच हसू आवरत "बाहर आओ मियाँ," म्हटलं, तेव्हा मी पाठीला अड्ड्यावरचं सगळं वंगण लावून बाहेर आलो.

साहेब माणूस वाईट नव्हता. हैदराबादहून आलेला, इस्त्रीची शेरवानी, बोलणं मऊ. पण निकाल मऊ नव्हता. आमची मोटार त्यांनी अड्ड्याभोवती फिरवायला लावली, मागून येणारी घरघर ऐकली आणि सांगितलं, की मागचा अ‍ॅक्सल गेलेला आहे. पुढच्या आठवड्याच्या बाजारापर्यंत नवा घालून आणा, नाही तर परवाना जमा करा.

नवा अ‍ॅक्सल! लढाई चालू होती. हैदराबादेत दिव्याची काच मिळायची मारामार, तिथं मोटारीचा अ‍ॅक्सल कुठला? साहेबांनाही ते ठाऊक होतं. म्हणजे थोडक्यात सांगायचं तर, निजामाच्या राज्यात माझा मोटारवाला म्हणून जो काही जन्म होता, तो पुढच्या बाजारापर्यंतचा होता.

चढाववाला गृहस्थ जवळ आला. लातूरचा आडतदार तो. कापसाचा धंदा, शिवाय दोन मोटारी, आणि आमच्या रस्त्यावर तिसरी घालायची त्याची फार दिवसांची इच्छा. माझा परवाना सुटला की तो उचलायला हा तयारच होता. आमच्या मोटारीच्या पत्र्यावर टिचकी मारून म्हणाला, "मोडीत काढायची झाली तर दुसऱ्या कुणाला देऊ नका. पत्रा चांगला आहे. वाड्यात कोंबड्या ठेवीन यात."

मी म्हटलं, "यात माणसंच बसतील. कोंबड्यांना तुमची मोटार आहे."

हे मी फार जोरात बोललो. आसपासचे लोक हसले. एकदा लोक हसले, की माणसाला मागं फिरता येत नाही. माझ्या आयुष्यातले बरेचसे बाणेदार निर्णय असेच झालेले आहेत.

*

आता त्या मोटारीची थोडी ओळख करून दिली पाहिजे. आम्ही तिला डबा म्हणायचो, कारण ती डब्यासारखीच होती. पुढं मी आणि माझ्याशेजारी एक माणूस. मागं पुरुषांसाठी दोन बाकडी. त्याच्यामागं फळ्यांची आडवी भिंत, आणि त्या भिंतीच्या मागं, नेमका मागच्या चाकांवर, जनाना. समोरासमोर दोन बाकं, एक डाव्या चाकावर, एक उजव्या, आणि मागच्या दाराला फुलाफुलांच्या छिटाचा पडदा. पडदा कुणासाठी, असं कुणी विचारत नसे. आमच्या ब्राह्मणाच्या बायकाही तिथंच बसत आणि मोहल्ल्यातल्या बुरखेवाल्याही. मोटार म्हटली की तिला जनाना असायचा आणि जनान्यात पुरुषानं पाय ठेवायचा नाही, हे हवेसारखं होतं. मोटार रिकामी असली तरी कुणी तिथं बसायचा नाही. मी मालक, पण मीही त्या बाकावर कधी टेकलो नव्हतो.

पेट्रोल लढाईवर गेलेलं. त्यामुळं मोटारीला बाहेरून कोळशाची भट्टी लावलेली. कोळसा धुमसायचा, त्याच्या वाफाऱ्यावर इंजिन चालायचं, आणि चढ आला की उतारू उतरून ढकलायचे. ही लोखंडी भट्टी मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यावर टांगली होती, कारण उजवीकडं मी बसतो आणि मला धग लागू नये. बायकांना धग लागते हे आम्हाला ठाऊक होतं. त्या उजवीकडच्या बाकावर दाटीवाटीनं बसायच्या, डावं बाक रिकामं राहायचं. आम्ही म्हणायचो, धगीमुळं. आणि पुढं बघून मोटार हाकायचो.

लातूरहून जळकोट, कंधार करत नांदेड, हा आमचा रस्ता. सरकी काढणाऱ्या कारखान्यातली कारकुनी सोडून मी ह्या रस्त्यावर आलो, तेव्हा आमच्या घराण्यात कुणीतरी वारल्यासारखं झालं होतं. काका म्हणाले, "ड्रायव्हर झालास?" मी म्हटलं, "मालक झालो." काकांनी नुसते माझे काळे हात बघितले. त्यामुळं परवाना जमा करून परत कारखान्याच्या दारात जाऊन उभं राहणं, हे मला नुसतं अवघड नव्हतं. ते मी करणारच नव्हतो. मोटार गोदावरीत घातली असती, पण ते केलं नसतं.

*

लातुरात गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं उस्तादांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लिंबाचं झाड, त्याच्याखाली एक खड्डा, आणि उस्ताद. त्यांचे आजोबा बग्ग्या दुरुस्त करायचे, वडील मेण्यांपासून सायकलींपर्यंत सगळं करायचे. उस्ताद मोटारी करायचे, आणि मोटारीपेक्षा जास्त आवाज करायचे.

"पिनियन गया," मला बघताच ते म्हणाले.

"अहो, मोटार तर बघा."

"बघायचं काय? तू तिकडं गोलाईच्या चौकात वळला तवाच मी इथं ऐकलं. अ‍ॅक्सलातल्या दातेरी चाकाचे दात खाल्ले तिनं. बोळकं झालं बोळकं."

मी म्हटलं, बघाच. मग त्यांनी उपकार केल्यासारखं मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, इंजिन चालू करून गिअर टाकला. चाकं हवेत फिरायला लागली. आवाज नाही. म्हणजे अगदी नाही असं नाही, पण जो आवाज साहेबांनी ऐकला तो नाही.

"आता का नाही?" मी विचारलं.

"लाजून राहिली. परक्या घरी आली ना."

मग आम्ही रस्त्यावर नेली. खाली टेकल्याबरोबर घरघर सुरू. उस्ताद माझ्याशेजारी बसून मान मागं टाकून, डोळे मिटून ऐकत होते, गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे. मी म्हटलं, "उस्ताद, इथनं काय कळतंय? मागं जाऊन बसा. त्या बाकाच्या खालीच तर अ‍ॅक्सल आहे."

त्यांनी डोळे उघडले. "जनान्यात? मी?"

"रिकामा आहे हो."

"रिकामा असला म्हणून काय झालं! माझ्या बापानं मेण्याचे दांडे बशीवले आयुष्यभर, पण पडद्याला बोट लावलं न्हाई. अन् तू मला त्याच्या आत बसाय लावतो? तू जा."

मी गेलो नाही. मीही त्याच गावचा.

परत आल्यावर उस्तादांनी मला दातांचं शास्त्र शिकवलं. आतले दात झिजले असले, तर इंजिनानं ओढ दिली की एक आवाज, ओढ सोडली की दुसरा. पायाबरोबर आवाज बदलणार. मी विचारलं, आपल्या मोटारीचा बदलतो का? ते म्हणाले, पुढं इंजिनाचाच एवढा गोंधळ, कसं कळणार? पण बदलत असंलच. मग आवाज खाली करून म्हणाले, "एक तोड हाय. सागाचा बारीक भुसा वंगणात कालवून आत भरतो. मोटार गप. मुआयना होऊन जातो. पुढचं पुढं."

खरं सांगतो, मोह झाला. भुसा तर समोरच्या सुताराकडं ढिगानं पडला होता. पण कंधारकडचा उतार डोळ्यांपुढं आला. भरलेली मोटार, खाली वळण, आणि आत कायमचा गप झालेला अ‍ॅक्सल. शिवाय त्या आडतदाराच्या तोंडासमोर "माणसंच बसतील" म्हणालो होतो. त्या माणसांना भुश्यावर बसवायचं?

"नको," मी म्हटलं. "हा आवाज घेऊनच जाईन नांदेडला. पण तो कशाचा आहे ते साहेबाला सांगीन."

"तुला तर ठाऊक न्हाई."

"जाईपर्यंत होईल ठाऊक."

उस्तादांनी हात पुसले. "मग मी पण येतो. तुझा परवाना जमा होतानी कुनी जानकार मानूस पायजे."

*

मुआयन्याला धूर सोडत जायचं नाही, म्हणून राखून ठेवलेलं पेट्रोल त्या दिवशी टाकीत ओतलं. भट्टी थंड. पुढं मी आणि उस्ताद. मागं जनान्यात एकटी माझी बायको. तिचं माहेर नांदेडचं. परवाना जाताना मला एकट्याला सोडायचं नाही, असं तिनं ठरवलेलं होतं, पण मला सांगताना म्हणाली, आईला लोणच्याची बरणी पोचवायचीय.

जळकोटला एक मनियारीण चढली. काचेच्या चुड्या विकणारी ही म्हातारी आमची नेहमीची उतारू. डोक्यावर एकात एक घातलेल्या टोपल्या, तोंडात पान, आणि कुणाला अरे-तुरे करायचं याचा हिशेब नाही. सगळ्यांनाच करायची. ती चढली, मागं थोडी बाचाबाची झाल्यासारखं वाटलं, पण इंजिनापुढं काही ऐकू येईना. आम्ही निघालो. उस्ताद परत डोळे मिटून मैफिलीला बसले.

कंधारच्या अलीकडं एका विहिरीपाशी पाणी घालायला थांबलो, तर बायको खाली उतरून सरळ पुढं आली. हे ती कधी करत नसे.

"अहो, भट्टी आज बंद आहे ना?"

"थंडगार."

"मग ह्या बाई डाव्या बाजूला कामून बसत नाहीत? मला उजवीकडनं उठवलं, म्हणाल्या सरक. मी म्हटलं तिकडं बसा, आज धग नाही. तर म्हणे धगीला कोण भितं."

पडद्यामागून आवाज आला, "काइकू बैठूँ उधर? धगीनं मानूस मरतो का? चुड्या फुटतेत माझ्या! डाव्या अंगाला टोपली ठेवली की घरी जाईस्तोवर अख्खी चळत तडकती. अन् ह्या अंगाला ठेवली तर एक फुटत न्हाई. मी काय आज बसती का तुमच्या डब्यात?"

उस्ताद म्हणाले, "काच हाय अम्मा. फुटायचीच."

"तुझी अक्कल बी काचंची हाय का रे? काच दोन्हीकडं काचच ऱ्हाती ना? मग एकीकडंच काइकू फुटती?"

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. आमची तोंडं म्हातारीला पडद्याआडूनही दिसली असावीत, कारण ती पुढं बोलायला लागली. डावं बाक कसं थरथरतं, पायाखालची फळी कशी मुंग्या आणते, आणि जळकोटच्या मारुतीपाशी मोटार वळली की कशी टोपली नाचायला लागते.

"कुठल्या बाजूला वळली की?" मी विचारलं.

"तू चालवतो अन् मला इचारतो? उजव्या हाताला!"

"आणि डावीकडं वळली तर?" हे बायकोनं विचारलं.

म्हातारी म्हणाली, "तवा गप ऱ्हाती."

बायको म्हणाली, "मलाही तसंच वाटतं. नांदेडला शिरताना डावीकडं वळतो ना आपण, तिथं आवाज एकदम बसतो. मला वाटायचं, गाव आलं म्हणून तुम्ही हळू करता."

विहिरीच्या पलीकडं ज्वारी काढून मोकळं झालेलं रान होतं, लांब, सपाट, कडेला उताराचं. मी म्हटलं, आता इथंच बघून टाकू. उस्ताद म्हणाले, रानात मोटार घालतो का येड्या? मी म्हटलं, उद्या परवाना नसला तर रानातच घालायचीय.

टोपली डाव्या बाकावर ठेवली. बायको तिच्याजवळ, म्हातारी समोर उजवीकडं. मला पुढं काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून ठरलं की आवाज वाढला की बायकोनं फळ्यांच्या भिंतीवर थाप मारायची. मी रानात मोटार घातली. उजवीकडं गोल फिरवली. धाड! धाड! थापा सुरू. डावीकडं फिरवली. थापा बंद. परत उजवीकडं. परत धाडधाड. ढेकळांवरून डबा असा हेलकावत होता की विहिरीवरचा माणूस मोट सोडून बघत उभा राहिला.

"पायाचं बघ," उस्ताद हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजातली मैफल संपली होती. "सरळ चल. पाय दाब. आता सोड. बदलतो का इचार."

मी मान वळवून ओरडलो. मागून उत्तर आलं, "तसाच आहे!" मग उताराला लावून गिअर काढून टाकला, इंजिन बंद केलं. डबा आपोआप खाली गडगडत निघाला, इंजिनाचा गोंधळ नाही, आणि त्या शांततेत, मोटार घेतल्यापासून पहिल्यांदा, मी पुढं बसून तो आवाज नीट ऐकला. मागून, डावीकडून, दळण दळल्यासारखा. इंजिनाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. चाक फिरतंय तोवर तो येत होता.

मोटार उताराच्या तळाशी थांबली.

"डावं बेअरिंग," उस्ताद म्हणाले. "चाकाच्या तोंडाचं. उजवीकडं वळली की समदा भार डाव्या चाकावर जातो. अन् त्याच कोपऱ्यावर ती भट्टी टांगलीय आपण. त्याचा जीव गेला. जॅकवर भार नव्हता, म्हनून बोलत नव्हतं."

"म्हणजे पिनियन?"

"पिनियन एकदम साजरं. अ‍ॅक्सलला काय धाड भरली? मी तेच म्हणत होतो."

"कधी?"

"मनात," उस्ताद म्हणाले.

*

नांदेडच्या अड्ड्यावर आडतदार बैलजोडी घेऊन हजर होता. डबा ओढून न्यायला. जू, दोर, गडीमाणूस, सगळं. मला बघून म्हणाला, "या. तुमचीच वाट बघून राहिलो."

साहेब आले. मी मोटार फिरवली. घरघर, जशीच्या तशी. साहेबांना वाईट वाटलं असावं, कारण ते छडीकडं बघत म्हणाले, "मियाँ, आवाज तो वही है."

"हो साहेब, तोच आहे," मी म्हटलं. आवाज ठणठणीत निघाला. माझ्या अवयवांत आवाज हा एकच अवयव हिमतीचा. "मी तो लपवला नाही. लपवता येत होता, भुसा भरून. पण साहेब, अ‍ॅक्सल गेलेला नाही. फक्त डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. तुम्ही मागच्या खेपेला बाहेर उभं राहून ऐकलंत. आज आत बसून ऐका, आणि मग परवाना घ्या."

"बैठता हूँ," म्हणत साहेब पुढच्या दाराकडं वळले.

"पुढं नाही साहेब. पुढं काही कळत नाही. मागं."

साहेबांनी पडद्याकडं बघितलं. सगळ्या अड्ड्यानं पडद्याकडं बघितलं.

"जनाने में?" साहेब म्हणाले. "मैं?"

आडतदार जोरात हसला. "साहेबाला बायकांत बसवतो का? डोकं फिरलं का तुझं?"

मला वाटलं, संपलं. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. कुठलाही साहेब अशा वेळी कागदावर सही मारून मोकळा होतो. तेवढ्यात माझी बायको पडदा सारून खाली उतरली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि साहेबांना म्हणाली, मराठीतच, "हा डबा बंद झाला तर ह्या रस्त्यानं आम्ही बायका बैलगाडीत जाऊ, आम्हाला सवय आहे. पण कशानं बंद झाला ते तरी बरोबर लिहा. मागं बसल्याशिवाय ते कुणाला कळायचं नाही. आम्ही रोज बसतो, तुम्ही एक फेरी बसा."

साहेबांना मराठी किती कळलं, ठाऊक नाही. पण पडद्यातून दुसरं डोकं बाहेर आलं, आणि ते त्यांच्याच बोलीत बोललं. "आओ साब, आओ. मैं तुम्हारी अम्मा की उमर की हूँ. मेरे सामने पडदा क्या अन् शरम क्या? ये बाजू बैठो. ये टोपली पकडो. गिराव नक्को."

आणि साहेब चढले. आजही मला त्यांचं कौतुक वाटतं. इस्त्रीची शेरवानी सावरत, वाकून, त्या फुलाफुलांच्या छिटाच्या आत गेले, आणि डाव्या बाकावर हिरव्या चुड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसले. मी उस्तादांना पुढं बसवलं आणि अड्ड्यासमोरच्या मैदानात मोटार फिरवली. उजवीकडं. मागून चुड्यांची किणकिण आणि म्हातारीचा आरडाओरडा, "सुना? सुना?" डावीकडं. सगळं गप. परत उजवीकडं. मग म्हातारीनं त्यांना उजव्या बाकावर बसायला लावलं आणि परत सगळं करायला लावलं. शेवटी इंजिन बंद करून सोडली. मैदानाभोवती माणसांची भिंत उभी होती. पोरंटोरं टाळ्या वाजवत होती. आडतदाराचे बैल बुजून उलटे फिरले आणि दोरात गुंतले.

साहेब उतरले. शेरवानीवर हिरव्या काचेचे बारीक कण. त्यांनी ते झटकले नाहीत. "चाक खोलो," एवढंच म्हणाले.

उस्तादांनी सगळ्यांसमोर डावं चाक उतरवलं, ड्रम काढला, आणि बेअरिंग बाहेर ओढलं. त्याचं कडं फुटलेलं होतं आणि आतले छर्रे कुरतडलेल्या चण्यांसारखे झाले होते. ते तळहातावर घेऊन उस्ताद सगळ्या गर्दीला दाखवत फिरले, जणू त्यांनी स्वतःच ते जन्माला घातलं होतं. मग अ‍ॅक्सलच्या पोटाचं झाकण उघडून पिनियनचे दात दाखवले. धड होते. साहेबांनी बोट फिरवून बघितलं आणि मऊ आवाजात सांगितलं, की बेअरिंग बदलेपर्यंत उतारू घ्यायचे नाहीत, भट्टी मधोमध हलवायची, आणि परवाना जमा करायची जरूर नाही.

"पण बेअरिंग मिळणार कुठं?" आडतदार म्हणाला. त्याला अजून आशा होती.

"मुदखेडला," उस्ताद म्हणाले. "टेशनाच्या मागं ह्याच जातीची मोडकी लॉरी पडलीय. तिच्यात कोंबड्या ठेवतेत. कोंबड्यांना बेअरिंग लागत न्हाई." आणि त्याच दिवशी गाडी पकडून ते मुदखेडला गेले.

आडतदार दोर सोडवत बसला. मी त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो. काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, आठवडाभर मनात जुळवून ठेवलं होतं, पण ऐन वेळी एक शब्द आठवेना. शेवटी मी त्याच्या बैलाच्या पाठीवर थाप मारून परत आलो. बैलानं मला लाथ मारली नाही, एवढंच त्यातलं यश.

गर्दी पांगली. साहेब टांग्यात बसून गेले. मी चाक काढलेल्या डब्याला टेकून, छाती काढून उभा होतो. बायको लोणच्याची बरणी घेऊन माहेरी निघाली होती. म्हातारी तिच्याबरोबरच, कारण तिला त्याच आळीत चुड्या भरायला जायचं होतं. मी म्हटलं, "काय? साहेबाला जनान्यात बसवला की नाही? बसवला असता का दुसऱ्या कुणी?"

तिनं बरणी दुसऱ्या हातात घेतली.

"साहेबाला बसवलात, बरं केलंत," ती म्हणाली. "आता परतीला उस्ताद मोटार चालवतील, मी त्यांच्याशेजारी पुढं बसणार. तुम्ही मागं बसा. नवं बेअरिंग कसं लागलंय ते तिथनंच कळतं. आणि उजवीकडं ह्या बसणार आहेत, ठरलंय आमचं. तुम्ही डावीकडं बसा."

"अन् टोपली मांडीवर घे," म्हातारी म्हणाली.

"हो," बायको म्हणाली, "ती पण."